नऊ दिवस पाणी घालायला विसरलास, त्याबद्दल थँक्यू

प्रिय वरच्या मजल्यावरच्या मित्रा,

तुझं नाव मुद्दाम टाकत नाहीये. तुझ्या आईला विचारलं होतं, ती म्हणाली नाव टाकलंत तर महिनाभर खाली फिरकायचा नाही. समोर बोलावं तर तू "हो काकू, चालेल काकू" म्हणत दोन-दोन पायऱ्या उडवत पसार होतोस, म्हणून शेवटी हे असं जाहीर लिहितेय, सगळ्यांना वाचू दे, आणि तूही चोरून का होईना वाचशीलच याची मला खात्री आहे.

आधी मी पडले कशी ते सांगते, कारण ते आजवर कुणाला धड सांगितलंच नाहीये. सगळ्यांना एवढंच माहितीये की गच्चीत पाय घसरला. कशावरून घसरला हे कुणी विचारलं नाही आणि मीही गप्प बसले. तर शेवाळावरून. आणि शेवाळ आलं कुठून, तर मी रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा पाइप लावून ४३ कुंड्या अक्षरशः न्हाऊ घालायचे, ते पाणी कुंड्यांखालून वाहत फरशीवर यायचं, फरशी कधी वाळायचीच नाही, आणि जानेवारीत एका सकाळी त्याच हिरव्यागार फरशीवरून मी पाइपासकट आडवी झाले. घोटा मोडला. म्हणजे माझ्याच पाण्याने मला पाडलं, आता सांगायला हरकत नाही.

सहा आठवडे प्लास्टर, त्यापुढे वॉकर. आणि झाडं? झाडांना कोण बघणार या काळजीने माझा जीव खालीवर. पायापेक्षा तेच जास्त दुखत होतं खरं तर. तेव्हा तुझी आई तुला घेऊन आली, तू दारात एका पायावर उभा, नजर जमिनीवर, आणि मी मनात म्हटलं, झालं, आता बागेचं काही खरं नाही. याबद्दल पहिली माफी.

दुसरी माफी पुढे येईलच.

तुला एकाही झाडाचं नाव माहीत नव्हतं. मी सांगायचे की अनंताला कमी घाल, रातराणीला जरा जास्त, तू "ओके काकू" म्हणायचास आणि तुझ्या डोळ्यांत काहीही उमटायचं नाही. दुसऱ्या दिवशी तू खडू घेऊन आलास आणि सगळ्या कुंड्यांवर नंबर टाकलेस. १ ते ४३. मला राग आला होता हं, माझी झाडं काय कैदी आहेत? पण मग आपली भाषा ठरून गेली, "काकू, १७ ची पानं पिवळी पडतायत", "काकू, ३१ ला मुंग्या", आणि दोन आठवड्यांत मीसुद्धा स्वप्नात नंबर बघायला लागले.

आणि ती तुझी वही. चौकटीची, मागच्या पानांवर गणितं. प्रत्येक नंबरापुढे तारीख आणि नुसता एक शब्द, 'जड' किंवा 'हलकी'. मी विचारलं हे काय, तर म्हणालास कुंडी थोडी उचलून बघतो, हलकी लागली तरच पाणी, जड असली तर नाही, मोठ्या कुंड्या उचलत नाहीत म्हणून त्यात बोट घालतो. हे तुला कुणी शिकवलं? कुणीच नाही म्हणालास, "तुम्हीच म्हणालात ना गरज असेल तर घाल, मग गरज कळणार कशी?"

वीस वर्षं बाग करतेय मी. वीस वर्षांत मी एकदाही कुंडी उचलून बघितली नव्हती. सकाळ झाली की पाणी, संध्याकाळ झाली की पाणी, घड्याळ बघून. आणि पानं पिवळी पडली, मान टाकली, की अजून पाणी. आता पडल्या पडल्या वाचून काढलं तेव्हा डोक्यात शिरलं की मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, मातीच्या कणांमधल्या बारीक पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरून सडतात, आणि सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत म्हणून झाड वरून अगदी तहानलेल्यासारखंच दिसतं. मग आपण काय करतो, कळवळून अजून एक बादली ओततो. अति तिथे माती म्हणतात, माझ्याकडे अति तिथे चिखल होता.

मोगऱ्याचं प्रकरण आठवतंय ना? जानेवारी संपता संपता छाटणी करायलाच हवी होती, कारण मोगऱ्याला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यावर, जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर नुसता पसारा वाढतो. मी पलंगावर, तू गच्चीत, व्हिडिओ कॉल चालू. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला नीट कळलं. मी म्हटलं वरचा एक तृतीयांश भाग काप. तू एक तृतीयांश ठेवलास आणि बाकीचा कापलास! कॉलवर मला नुसता कात्रीचा कचकच आवाज येत होता आणि कॅमेरा तुझ्या चपलांवर, मी ओरडतेय "बास, बास" आणि तुझं आपलं "झालंच काकू". मग कॅमेरा वर आला तर चारही कुंड्यांत वीतभर खुंट. मी फोन ठेवून दिला होता, आठवतंय? रेंज गेली म्हणून नंतर सांगितलं, ते खोटं होतं.

तरी पुढचं सगळं तू मी सांगितलं तसंच केलंस, उरलेली पानं खुडलीस, वरची माती उकरून मोकळी केलीस, चार-पाच दिवस पाणी तोडलंस, मग मूठ-मूठ गांडूळखत घालून भरपूर पाणी. आणि तीन आठवड्यांनी त्या खुंटांवर असे काही लालसर-हिरवे कोंब आले की तूच फोटो पाठवलास, खाली लिहिलंस "जिवंत आहेत". दोनच शब्द. मी तो फोटो किती जणांना दाखवला असेल त्याला गणती नाही.

आता लिंबाबद्दल. हे मी सगळ्यांना सांगत सुटलेय, पण इथेही सांगते. फेब्रुवारीत एकदा तुझा फोन आला, शाळेतून आल्या आल्या, दम लागलेला, "काकू, २२ नंबरच्या पानावर पक्ष्याची शी पडलीये." मी म्हटलं मग पाण्याने धू. तर म्हणालास, "हो, पण ती चालतेय."

मी इतकी हसले की प्लास्टरच्या आत कळ आली. ती फुलपाखराची अळी होती. लिंबाच्या झाडावर अंडी घालणाऱ्या फुलपाखरांच्या अळ्या लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, तपकिरी-काळ्या आणि मध्ये पांढरट पट्टा, म्हणजे पक्ष्यांनी त्यांना खाऊच नये. मोठ्या झाल्या की कात टाकून पानाच्या रंगाच्या हिरव्या होतात. आणि डिवचलं की डोक्यामागून नारिंगी रंगाची दुभंगलेली शिंगं बाहेर काढतात आणि त्याला असा काही उग्र वास येतो की बस. तू डिवचलंसच. मी डिवचू नकोस म्हणायच्या आधीच.

खरं सांगू का, मी तिथे असते तर त्या अळ्या उचलून फेकल्या असत्या. दरवर्षी तेच करते, पानं खातात ना. तू विचारलंस "मारायच्या का?" आणि माझ्या तोंडावर 'हो' आलंच होतं, पण तेवढ्यात तू म्हणालास "बघू ना काय होतं", आणि मी पलंगावरून काय करणार होते, म्हटलं बघ. पाच अळ्या होत्या. लिंबाचे चार फाटे पार बोडके केले त्यांनी. दोन कुठेतरी गायब झाल्या, पक्ष्याने नेल्या असतील, तिघींनी कोश केले, त्यातला काडीवरचा तपकिरी आणि पानांतला हिरवा, म्हणजे जिथे बसतील तिथल्या रंगाचे. आणि कमरेभोवती रेशमाचा एकच धागा बांधून त्या धाग्यावर रेलून बसलेले, पतंगाच्या दोऱ्याहूनही बारीक. तू त्याचा इतका जवळून फोटो काढलास की धागा मोजता येत होता.

पंधरा दिवसही झाले नसतील, मी वॉकर घेऊन पहिल्यांदा गच्चीच्या दारापर्यंत आले, तू स्टूल आणून दिलंस, आणि काडीवरचा कोश आदल्या दिवशी काळपट झाला होता ना, तो आपल्या समोर उकलला. तुला वाटतं पटकन काहीतरी भुर्रकन बाहेर येईल. तसं नाही होत. एक ओलं, चुरगळलेलं, पोट सुटलेलं काहीतरी कष्टाने बाहेर पडलं आणि रिकाम्या कोशालाच लटकून राहिलं. पंख अगदी सुरकुतलेले, इवलेसे. मग ते हळूहळू खाली लोंबायला लागले, पोटातला द्रव पंखांच्या शिरांत भरत जातो म्हणे, आणि बघता बघता काळ्या पंखांवर पिवळट ठिपके पसरत मोठे झाले, मागच्या पंखाच्या टोकाशी एक लाल ठिपका. तास-सव्वातास बसलो असू आपण. तुझा क्लास बुडला त्या दिवशी. तुझ्या आईला मी सांगितलं की मला आधार द्यायला थांबला होता, जे अगदीच खोटं नव्हतं. आणि लिंबाचं म्हणशील तर त्या बोडक्या फाट्यांना आता तांबूस नवी पालवी आलीये, मेलंबिलं काही नाही ते.

जास्वंदीच्या मिलीबगबद्दल फार लिहीत बसत नाही, ती लढाई तू आणि तुझ्या जुन्या टूथब्रशने जिंकलीये. फक्त एक गोष्ट, किडीच्या आधी तुला मुंग्या दिसल्या. मला इतकी वर्षं मुंग्या म्हणजे मुंग्या वाटायच्या, पण तू म्हणालास या वर रिकाम्या जातायत आणि खाली पोट फुगवून येतायत, मग वर जाऊन बघितलंस तर शेंड्यांत कापसासारखे पांढरे पुंजके. ते किडे रस शोषतात आणि मागून गोड चिकटा सोडतात, मुंग्या त्यासाठी येतात आणि त्या बदल्यात किड्यांची राखण करतात, चक्क गोठाच. साबणाच्या पाण्याने घासून काढलंस, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, ऊन उतरल्यावरच फवारायचं, नाहीतर पानं करपतात. दर आठवड्याला, तीन वेळा. त्यामुळेच पलंगावरच्या खिडकीतून मला दिसणारं ते एकमेव झाड फुलत राहिलं. जास्वंदीचं फूल एका दिवसाचं, पण रोज नवं. आणि रोज सकाळी एक शिंजीर पक्षी यायचा, निळा-जांभळा चकाकणारा, तो फुलाच्या तोंडातून मध प्यायच्या भानगडीत पडायचाच नाही, देठाजवळ बाहेरून भोक पाडून सरळ चोरी. त्या सहा आठवड्यांत माझा सगळ्यात नियमित पाहुणा तोच, तुझ्यानंतर.

आता मुद्द्यावर येते. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं कारण लिहायला जड जातंय.

४३ नंबर. टाकीमागच्या कोपऱ्यातली बोगनवेल. चार वर्षांपूर्वी आणली तेव्हा गुलाबी फुलांनी लगडलेली होती आणि त्यानंतर एक फूल नाही. नुसती पानं आणि काटे, लांबच लांब फांद्या, कपडे फाडायच्या. मी तिला काय काय नाही केलं, शेणखत, खरकट्याचं पातळ खत, आणि पाणी तर विचारूच नको. तुला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बाकी काही चुकलं तरी चालेल, हिला विसरू नकोस, ती आधीच नाराज आहे.

आणि फेब्रुवारीच्या मध्यावर तू तोंड पाडून आलास. परीक्षा होती, कुंड्या घाईघाईत उरकत होतास, टाकीमागे जायचं राहून गेलं, वहीत ४३ पुढे नऊ दिवस काहीच नाही. तू वही घेऊनच आलास, ती रिकामी चौकट मला दाखवलीस. फोटोत बोगनवेलीने पानं टाकलेली, उरलेली सुरकुतलेली, खाली सगळा सडा. आणि मी तुला काय बोलले ते मला आठवतंय. "एवढं एक काम होतं तुझ्याकडे." तू काही बोलला नाहीस. दुसऱ्या दिवशी वेळेवर आलास, सगळ्या कुंड्या बघितल्यास, वहीत लिहिलंस आणि गेलास, फक्त त्या दिवशी फोटो आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

ही दुसरी माफी. आणि ही मोठी आहे.

कारण मार्चमध्ये मी वॉकर सरकवत सरकवत टाकीपर्यंत पोचले, म्हटलं मेलेली असेल तर कुंडी तरी रिकामी करून घेऊ, आणि बघते तर प्रत्येक फांदीच्या प्रत्येक पेराशी गुलाबी. अजून पुरती उघडली नव्हती, बारीक बारीक चिमट्यांसारखी, पण पान दिसेना इतकी. मी टाकीला टेकून उभी राहिले. मग आत येऊन वाचत बसले. तर बोगनवेल कोरडी पडली की फुलते! सतत ओल आणि नायट्रोजनचं खत मिळालं की ती पानं वाढवत बसते, ऊन भरपूर आणि पाण्याची ओढ लागली की कळ्या धरते, आणि कुंडीत मुळं दाटली तरी तिची तक्रार नसते. चार वर्षं मी तिला फुलू देत नव्हते. तू नऊ दिवस विसरलास आणि तिने तेवढ्यात काम उरकलं.

वाचता वाचता आणखी एक सापडलं, ते तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं. आपण ज्याला बोगनवेलीचं फूल म्हणतो ते फूलच नाही, ती रंगीत पानं आहेत, कागदासारखी. खरं फूल आत असतं, पांढरट, नळीसारखं, काडेपेटीतल्या काडीच्या टोकाएवढं, तीन पानांना तीन. उद्या आलास की भिंग घेऊन बघ. आणि नाव पडलं बोगनव्हिल नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीवरून, १७६६ ते १७६९ मध्ये तो जहाजांनी जगाला फेरी मारायला निघाला होता, त्याच्यासोबत कोमर्सों नावाचा वनस्पतींचा अभ्यासक होता आणि ब्राझीलमध्ये ही वेल त्यांनी गोळा केली. त्या कोमर्सोंचा जो मदतनीस झाडं-बिडं वाहायचा, तो मुळात पुरुषाच्या वेशातली बाई होती! जान बारे. जहाजावर बायकांना बंदी होती म्हणून. जगप्रदक्षिणा करणारी पहिली बाई म्हणून आज तिचंच नाव घेतात. वेलीला मात्र कप्तानाचं नाव. राबणाऱ्याचं नाव मागे पडतं ते असं, आणि मी पण इथे तुझं नाव टाकत नाहीये म्हणून जरा खजील झाले, पण ते तुझ्या आईच्या सांगण्यावरून.

तर आजची गच्चीची खबर. बोगनवेल भिंतीवरून बाहेर सांडलीये, खालून जाणारे मान वर करून बघतात. मोगऱ्याच्या चारही कुंड्यांत कळ्या, संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी फुटतात आणि रात्री गच्चीचं दार उघडं ठेवून झोपावंसं वाटतं. मधुमालतीचा जो घोस तू लाल दोरा बांधून ठेवला होतास, त्याचं तू म्हणालास तेच खरं निघालं, नवी फुलं येत नाहीत, तीच फुलं रंग बदलतात, संध्याकाळी पांढरी उमलली, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. पांढरी असताना रात्रीचे पतंग येतात आणि रंग चढला की दिवसाच्या मधमाश्या आणि पक्षी, एकाच फुलाच्या दोन शिफ्ट. पिटुनियाची तीन रोपं गेली, पण ती माझ्या हातूनही जातातच, त्याचं मनावर घेऊ नकोस.

फरशी कोरडी ठणठणीत आहे. शेवाळ घासून काढलं, पाइप गुंडाळून माळ्यावर टाकलाय आणि झारी काढलीये. रोज सकाळी वाकून कुंड्या उचलते, डॉक्टरांनी जड उचलू नका सांगितलंय म्हणून फक्त लहान, मोठ्यांत बोट घालते. अजून हात आपोआप नळाकडे जातो, खोटं कशाला बोलू.

गच्चीची किल्ली तुझ्याकडेच राहू दे. वही मात्र मी परत देत नाहीये, मागच्या पानांवरची गणितं लागली तर फोटो काढून पाठवते. त्याऐवजी नवी आणून ठेवलीये, १ पासून ४२ पर्यंत नंबर मी घातलेत. ४३ ला कधी पाणी घालायचं आणि कधी विसरायचं, ते तू ठरव.

तुझी,
खालची काकू